बारा मिनिटं उशीर, म्हणून तीन दिवस पुन्हा? (टँकरचं ट्रेनिंग, नागपूर)

पारडीकर (धागाकर्ता) | बुधवार, रात्री १०:४०

मंडळी, डोकं तापलंय आणि त्याला नुसता मे महिना जबाबदार नाही.

आमचे दोन ट्रक आहेत, बाबांच्या वेळेपासून. यंदा कर्ज काढून पेट्रोल-डिझेलचा एक टँकर घेतला. टँकरवर नुसत्या हेवी लायसन्सचा ड्रायव्हर चालत नाही. त्याच्या लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, आमच्या लाइनीत तिला सगळे 'हजार्डस' म्हणतात. ती मिळवायची तर मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवस बसायचं, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट घेऊन आरटीओत जायचं. आमच्याकडे एकवीस वर्षं असलेले गणूभाऊ (नाव बदललं आहे) टँकरवर जातील असं ठरलं. फी भरली, सोमवार ते बुधवारची बॅच मिळाली.

सोमवार, मंगळवार व्यवस्थित. आज तिसरा दिवस. वर्ग नऊचा. दहा मिनिटांची सूट, ९:१० ला दार बंद. गणूभाऊंचं बोट मशीनवर पडलं ९:१२ ला. त्यांच्या मोबाइलमध्ये तेव्हा ९:०९ झाले होते, पण मशीन म्हणेल तीच वेळ. आत घेतलं नाही. बरं, आजचा दिवस परत कधी करू विचारलं तर म्हणे तीनही दिवस परत, फीसुद्धा पुन्हा भरायची. मी फोन केला, हात जोडले. "सर, नियम सगळ्यांना सारखा" एवढंच उत्तर. आवाजही चढवला नाही त्यांनी, त्याचाच जास्त राग आला.

कारण विचाराल तर पारडीचा जाम. पारडीहून हिंगणा रोडपर्यंत सकाळी आठ-साडेआठला जो जाऊन आलाय त्यालाच कळेल.

बावन्न वर्षांचा माणूस. एकवीस वर्षांत एक मोठा अपघात नाही. त्याला शाळेतल्या पोरासारखं दाराबाहेर उभं करायचं? आणि माझा टँकर हप्ता खात उभा. कोणाला असा अनुभव आहे का? वर तक्रार करता येते का?

---

तर्रीपोहा | १०:५२

दोन मिनिटांसाठी तीन दिवस म्हंजे मिनिटाले दीड दिवस व्याज. आमचा सावकारबी एवढं नव्हता घेत बे.

---

वन_बीएचके | ११:०५

पारडीकर, सहानुभूती आहे. पण दुसरी बाजू माझ्याकडे आहे, ती ऐका.

मी फ्लॅटची एजंट. महारेरानं (घरबांधणीवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) १० जानेवारी २०२३ ला आदेश काढला की एजंट व्हायचं असेल तर २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही सुटका नाही. मुदत दोनदा वाढली आणि १ जानेवारी २०२४ पासून सर्टिफिकेट सक्तीचं झालं. मी बराचसा भाग ऑनलाइन केला. उशिरा या, लवकर जा, कोणी विचारलं नाही. आमच्या बॅचमधले अर्धे लोक लॉगिन करून मोबाइल डॅशबोर्डवर ठेवायचे आणि बेसा-मनीषनगरला साइट दाखवत फिरायचे. शिकवणारी बाई कार्पेट एरिया समजावतेय आणि मागून आवाज येतोय, "हां ताई, इकडून हवा मस्त येते."

माझंही एकदा असंच झालं, खोटं कशाला बोलू. पुढे परीक्षेत दलाली आणि करारनाम्यावरचे प्रश्न आले तेव्हा मी रात्रभर जागून पुस्तक वाचलं. म्हणजे ते २० तास कोणीच बसलं नाही तरी कागदावर २० तासच झाले. तुमच्या गणूभाऊंच्या संस्थेत निदान तीन दिवस म्हणजे तीन दिवस असतात.

---

तर्रीपोहा | ११:०९

फ्लॅटमंदी हवा नाही आली त कोनी मरत नाही, ताई. टँकरची गोष्ट येगळी.

---

ताळेबंद | ११:३१

+१ वन_बीएचकेला, पण अर्धंच.

सीएला आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) सुरू व्हायच्या आधी १५ दिवस आयटीचं ट्रेनिंग आणि १५ दिवस ओरिएंटेशन असतं, फायनलच्या आधी पुन्हा तेवढंच. त्यातली एक बॅच मी नागपूरबाहेर केली, गाव सांगत नाही. आठव्या दिवशी ट्रेन लेट झाल्यानं मी ४० मिनिटं उशिरा पोचले आणि तो अख्खा दिवस गैरहजर धरला. तेव्हा रडले होते. आज आठवलं की वाटतं, दिवस गैरहजर धरला ते ठीक होतं. एका दिवसाचा एकच दिवस गेला ना! एका दिवसासाठी पंधरा दिवस मागितले असते तर मीही धागा काढला असता.

पारडीकर, खरा मुद्दा उशिराचा नाही, हिशेबाचा आहे. गेलेला माल जेवढा तेवढाच भरून घ्या. सोमवार-मंगळवारची हजेरी मशीनमध्ये आहे, ती बाद कशी होते?

(आणि हो, सीए रोडवर सीए राहत नाहीत, सेंट्रल अव्हेन्यू राहतो. बाहेरगावच्या सदस्यांसाठी.)

---

काळा_कोट | ११:४४

लॉला ७० टक्के हजेरी बार कौन्सिलच्या नियमात आहे, तिथेही कॉलेजांची कसरत चालते. तक्रारीचं विचारलंत म्हणून सांगतो: संस्था मान्यताप्राप्त असेल तर मान्यता देणाऱ्या परिवहन खात्याकडे लेखी अर्ज करता येईल. फीची पावती आणि संस्थेचे छापील नियम जोडा. आधी ते छापील नियम वाचा. ९:१० त्यात लिहिलेलं असलं आणि खाली गणूभाऊंची सही असली तर मुद्दा अवघड आहे.

---

पारडीकर | ११:५८

काळा_कोट, सही आहे. सगळ्यांनीच केली असणार, वाचून कोण करतं?

ताळेबंद, तुमचं पटलं. हेच म्हणतोय मी.

---

ब्रेकिंग_डिस्टन्स | गुरुवार, सकाळी ६:१५

सकाळी धागा पाहिला. या वर्गांमध्ये मी बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. पारडीकर ज्या संस्थेबद्दल बोलताहेत तिथे मी नव्हतो, ती कोणती हेही विचारत नाही. पण दाराच्या आतल्या बाजूला काय असतं ते थोडं सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९. त्यात 'दहा मिनिटं' किंवा 'दार बंद' असं काही नाही. त्यात आहे तो कालावधी, तीन दिवस. आणि कोणत्या दिवशी काय, तेही दिलंय. पहिले दोन दिवस संरक्षक ड्रायव्हिंग आणि पुढची कौशल्यं: ब्रेक लागायला किती अंतर लागतं, रात्रीचं चालवणं, रेल्वे फाटक, गाडी सुरू करण्याआधी खालून-बाजूनं काय तपासायचं. तिसरा दिवस पूर्ण मालाचा. गणूभाऊंचा जो दिवस गेला तो नेमका तोच आहे ज्यासाठी हे लायसन्स वेगळं ठेवलंय. बाकीचं त्यांना एकवीस वर्षांत रस्त्यानं शिकवलेलं असणार, मी शिकवलं असतं त्यापेक्षा चांगलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा टँकरवरची पाटी शिकवतात. ती दोन्ही बाजूंना आणि मागे अशी तीन ठिकाणी लागते. पेट्रोलचा आकडा १२०३, डिझेलचा १२०२, गॅसचा १०७५. सोबत हॅझकेम कोड, म्हणजे संकटात काय करायचं त्याची खूण. पेट्रोलच्या कोडातला ३ म्हणजे फोम वापरा, शेवटचा ई म्हणजे माणसं लांब करा. टँकर उलटला आणि ड्रायव्हर बेशुद्ध पडला तर अग्निशमनवाल्याशी ती पाटीच बोलते. पण ड्रायव्हर शुद्धीवर असेल तर त्यानंच बोलायचं असतं, आणि बोलायचं काय ते याच वर्गात कळतं.

मग येतो तो भाग जो मला सगळ्यात आवडायचा. वर्गाला विचारायचो, "भरलेला टँकर धोक्याचा की रिकामा?" सगळे म्हणायचे भरलेला. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की पेटते. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त असली तरी पेटत नाही. भरलेल्या चेंबरमध्ये वाफेला जागाच कमी आणि असते ती दाट. रिकाम्या चेंबरमध्ये मात्र तळाला राहिलेल्या दोन-चार लिटरची वाफ आणि आत शिरलेली हवा, दोघी मिळून बरोबर त्या पट्ट्यात बसतात. "खाली करून आलोय, आता काय होतंय" असं म्हणत बिडी पेटवणारा ड्रायव्हर आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग मारणारा मिस्त्री, दोघांचं गणित इथे चुकतं. हे ऐकताना एकेक चेहरा बदलायचा. वीस वर्षांचे मुरलेले ड्रायव्हर गप्प व्हायचे.

आता दाराबद्दल. आमच्याकडे पूर्वी सहीचा कागद फिरायचा. एकदा आरटीओचे एक साहेब न सांगता आले. कागदावर तीस सह्या, खोलीत सत्तावीस डोकी. दोघं चहाला गेले होते. एक "येतोय, रस्त्यात आहे" असं फोनवर सांगून झालेला, त्याची सही शेजाऱ्यानं केली होती. आणि चौथ्याच्या जागी त्याचा सख्खा भाऊ बसला होता, आधार कार्डही त्याचंच घेऊन! भाऊ हुशार होता, उत्तरंही बरोबर देत होता. पण टँकर तो चालवणार नव्हता. त्या दिवसापासून बोटाचं मशीन आलं आणि दाराला वेळ आली. तोवर मीही ढिला होतो, कबूल करतो.

सर्टिफिकेटवर सही करणारा लिहून देतो की या माणसानं तीन दिवस पूर्ण केले. अपघात झाला की पोलीस आणि विमा कंपनी दोघंही आधी लायसन्स उघडतात, मग सर्टिफिकेट.

तीन दिवस पुन्हा, हे मलाही जास्त वाटतं. ताळेबंद यांचा हिशेब बरोबर आहे. पुढच्या बॅचचा फक्त तिसरा दिवस द्यायला हरकत नसावी. संस्था का देत नाहीत? प्रत्येक बॅचची यादी वेगळी, सर्टिफिकेटवर 'पासून-पर्यंत' तारखा, आणि दोन बॅच जोडल्या की तपासणीत कोणीतरी बोट ठेवतो. म्हणून आळस करतात. आळसाला नियम म्हणतात, एवढंच.

---

तर्रीपोहा | ७:०२

सख्खा भाऊ 😂 सर, तो भाऊ पास झाला का मंग?

---

ब्रेकिंग_डिस्टन्स | ७:१०

झाला असता. पहिला आला असता.

---

वाडीची_सून | ९:४८

मी इथे फार लिहीत नाही. माझे मिस्टर ड्रायव्हर आहेत, वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये. आता टँकरवर नाहीत पण चार वर्षं होते.

पारडीकर भाऊ, एक विचारते, राग मानू नका. मंगळवारी वर्ग सुटल्यावर गणूभाऊ कुठे होते? पारडीत राहणारा माणूस तिसऱ्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, सकाळी उशिरा निघतो? पहिले दोन दिवस तर वेळेवर पोचला. जाम काय बुधवारीच लागला का?

---

आरामखुर्ची | १०:२०

हो ना, आणि प्रजापती नगरहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो थेट जाते. पारडीकडून हिंगणा रोडला जाणाऱ्याला तर ती घरून उचलून वर्गात सोडावी तशी आहे. जाम वरून बघत जायचं.

---

एमएच_चाळीस | १:३५

भाऊ, मी टँकरच चालवतो. अकरा वर्सं झाले. मोबाइलवर टाइप करून राहिलो, चुकलं त सांभाळून घ्या.

दार बंद झालं याचं मले काही वाटत नाही. डेपोत बी तसंच आहे. नंबर गेला म्हंजे गेला. मोबाइल, माचीस गेटवर जमा. पायात बूट नाही त वापस. ज्याले हे जमत नाही त्यानं टँकरवर येऊच नाही.

मास्तर सायबाईनं रिकाम्या टँकरचं सांगतलं ते सोळा आने खरं आहे. मले ते वर्गातच समजलं. त्याच्या आधी मी सात वर्सं ट्रक चालवला, कोनी सांगतलं नव्हतं. आता पंपावर गाडी खाली करताना अर्थिंगची क्लिप लावल्याबिगर मी पाइपले हात लावत नाही. पंपवाला पोरगा म्हनते, काका किती टाइम लावता. मी म्हनतो, तुह्यासाठीच लावून राहिलो बाबू.

पन मले राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. आमच्या बॅचमंदी दुसऱ्या दिवशी शिकवनारे सायबच पावने दहाले आले. आमी सारे नऊपासून बसून. एक जन फक्त चार मिनिटं लेट होता, त्याले वापस पाठवलं होतं, तो बिचारा गेटबाहेर टपरीवर बसला होता. त्यानं सायबाची गाडी आत जाताना पाह्यली. त्याईच्यासाठी कोनी दार लावलं नाही. ते पंचेचाळीस मिनिटं कोनत्या रजिस्टरमंदी आहेत?

दुसरी गोष्ट. नियमात आहे का एक आपली भाषा अन् इंग्रजी वाचता-लिवता याले पायजे. आमच्यातले निम्मे इंग्रजीत फक्त होर्न ओके प्लीज वाचतात. त्याईले तिसऱ्या दिवशीचं कार्ड इंग्रजीत देतात अन् वाचा म्हनतात. लेट आलेला दिसते, न समजलेला दिसत नाही. तो टायमावर येऊन बसते, मान हालवते, बोट लावते अन् पास होऊन जाते.

---

ताळेबंद | १:५०

एमएच_चाळीस, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला.

---

ब्रेकिंग_डिस्टन्स | २:२०

एमएच_चाळीस यांना: पंचेचाळीस मिनिटं कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. शिकवणाऱ्याची हजेरी आम्ही महिनाअखेरीस एकदम लिहायचो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

इंग्रजीबद्दल: मी आकड्यांवर भर द्यायचो. १२०३ वाचायला इंग्रजी लागत नाही, रंग आणि चित्र ओळखायला तर नाहीच. लाल चौकोनात ज्वाला दिसली की पेटणारं. पण आपत्कालीन कार्डावरचा मजकूर मराठी-हिंदीत करून भिंतीवर लावायला हवा होता. दोन-तीनदा ठरलं, झालं नाही.

---

वाडीची_सून | ४:०५

पारडीकर भाऊ, उत्तर नाही आलं.

---

पारडीकर | ९:२५

आलो. दिवसभर कळमन्यात होतो.

ताई, खरं सांगतो. मंगळवारी वर्ग साडेपाचला सुटला. आमचा दुसरा ड्रायव्हर गावाला गेलेला. कापसीच्या गोदामातून अमरावतीचा किराणा माल भरायचा होता, पार्टी जुनी, सकाळी दुकान उघडायच्या आत पोचवायचा शब्द दिलेला. दिवसा जड गाड्यांची शहरात नो एंट्री असते, रात्रीच काढावी लागते. मी गणूभाऊंना म्हटलं, जमेल का? ते म्हणाले, जमवतो मालक. निघाले साडेसातला. अमरावती दीडशे किलोमीटर, माल उतरायला वेळ लागला, परत पारडीला पोचले साडेचारला. घरी जाऊन दोन तास पडले. मेट्रोनं गेले नाहीत कारण मोटारसायकल कापसीलाच उभी होती, ती आणायला गेले आणि तशीच पुढे काढली. मग जाम. जाम खोटा नाही.

पहिल्या पोस्टमध्ये हे लिहिलं नाही. विषय दाराचा होता असं वाटलं.

---

तर्रीपोहा | ९:३१

अरे बाप्पा.

---

वाडीची_सून | ९:५०

"जमेल का" असं मालकानं विचारलं की ड्रायव्हर "नाही" म्हणत नाही, भाऊ. एकवीस वर्षांचा असो की एका वर्षाचा. माझ्या मिस्टरांना मी शंभरदा सांगितलंय, नाही म्हणा. ते म्हणतात, तू ये आणि म्हण.

आणि त्या तीन दिवसांचा पगार चालू होता का? आमच्याकडे ट्रेनिंगचे दिवस म्हणजे बिनपगारी आणि वरून भत्ताही नाही, कारण गाडी फिरली नाही. मग तो माणूस रात्रीची ट्रिप का नाही घेणार? भत्ता तर त्यातच मिळतो. जानेवारी २०२४ ला संप झाला तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या ना, तेव्हा दोन दिवस सगळ्या नागपूरला टँकरच्या ड्रायव्हरची आठवण आली होती. तिसऱ्या दिवशी टाक्या भरल्या, विसरले.

---

ब्रेकिंग_डिस्टन्स | १०:१५

पारडीकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, बरेच मालक लिहीत नाहीत.

पहिल्या दिवसाच्या पहिल्या तासाला आम्ही झोप शिकवतो. ताशी ६० नं चालणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर गाडी कोणाच्याच हातात नसते. सोमवारी गणूभाऊंनी हे ऐकलं, वहीत लिहिलं असेल. मंगळवारी रात्री तेच कोंढाळी-तळेगावच्या रस्त्यावर ३०० किलोमीटर चालवत होते, दिवसभर वर्गात बसल्यावर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठ तासच लिहिले होते. आमच्या बॅचला हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरून हसू यायचं. चेष्टेचं नव्हे, कीव आल्यासारखं. मास्तरला काही माहीत नाही, असं.

तेव्हा ९:१२ ला आलेला माणूस दोन तास झोपून, मोटारसायकलवर शहर ओलांडून आला होता. मी दारात असतो तर मलाही तो फक्त उशिरा आलेला दिसला असता.

---

काळा_कोट | १०:४०

म्हणजे तक्रार अर्ज राहू द्या आता. त्यात "उशिराचे कारण" असा रकाना असतो 🙂

---

ताळेबंद | १०:५२

काळा_कोट, ते दोन वेगळे विषय आहेत, गल्लत नको. पारडीकरांनी ट्रिप लावली ही त्यांची चूक. त्यामुळे सोमवार-मंगळवारची हजेरी बाद करणं बरोबर ठरत नाही. शिवाय दंड भरतंय कोण? फी परत भरतील पारडीकर, ठीक. पण तीन दिवस जाणार गणूभाऊंचे.

---

पारडीकर | ११:२०

ऐकतोय सगळं. पगार चालू होता ताई, तेवढं तरी केलंय. भत्ता नव्हता, तेही खरं. उद्या गणूभाऊंना घेऊन स्वतः जातो संस्थेत.

---

तर्रीपोहा | ११:२४

नऊ दहाच्या आत जा म्हंजे झालं.

---

पारडीकर | शनिवार, दुपारी ३:३०

काल गेलो होतो. (८:५० ला पोचलो, तर्रीपोहा.)

तिथले व्यवस्थापक बोलायला बरे होते. ताळेबंद यांचा मुद्दा मांडला, बोटाच्या मशीनची दोन दिवसांची नोंद दाखवायला सांगितली. त्यांनी दाखवली. पण सर्टिफिकेट एका बॅचचंच निघतं, हेच पालुपद. शेवटी तोडगा असा निघाला: परत तीन दिवस बसावं लागेल, फी मात्र घेणार नाहीत. लेखी मागितलं, दिलं नाही, पावतीच्या मागे पेननं लिहून शिक्का मारला. चालेल.

पुढच्या सोमवारपासूनची बॅच. तीन दिवस दोन्ही ट्रक उभे, मीच पार्ट्यांना फोन करून सांगितलं. गणूभाऊंना भत्त्यासकट पैसे. ते म्हणाले, "मालक, भत्ता कायचा, गाडी त हालत नाही." मी म्हटलं घ्या. घेतले, पण अवघडले. हेही लिहून ठेवतो.

परत येताना त्यांना रिकाम्या टँकरचा प्रश्न विचारला, ब्रेकिंग_डिस्टन्स सरांचा. म्हणाले, "भरेल." मग समजावून सांगितलं तर व्हेरायटी चौकापर्यंत काही बोलले नाहीत. सिग्नलला म्हणाले, "म्हंजे मी परवा दार बंद झालं म्हनून वाचलो म्हना, दिवसभर झोपेत बसलो असतो अन् हे कानावरून गेलं असतं." आता यावर मी काय बोलणार!

---

वाडीची_सून | ४:१०

भाऊ, हे मिस्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या मालकाला इथला सदस्य करून घ्या.

---

एमएच_चाळीस | ६:००

पारडीकर भाऊ, तीन वर्सानं नूतनीकरनाले एक दिवसाचा वर्ग राह्यते. तवाची तारीख आत्ताच क्यालेंडरवर लिवून ठेवा. त्या आदल्या रात्री ट्रिप लावजा नका.

---

पारडीकर | पुढच्या बुधवारी, सकाळी १०:०५

गणूभाऊ आज तिसऱ्या दिवसाला बसले. मेट्रोनं गेले, ८:२० ला तिथे. गेट उघडलं नव्हतं म्हणून बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि मला फोटो पाठवला.

शिकवणारे ९:२५ ला आले.

---

एमएच_चाळीस | १०:११

पाह्यलं?

---

ब्रेकिंग_डिस्टन्स | १०:४०

पारडीकर, आता अर्ज करा. वेगळा अर्ज, गणूभाऊंचं नाव न घालता. शिकवणाऱ्यांचंही बोट त्याच मशीनवर, त्याच वेळेला घ्यावं, एवढीच मागणी. मसुदा मी लिहून देतो. खाली माजी प्रशिक्षक म्हणून माझी सही टाका.

---

तर्रीपोहा | १०:४४

सर, अर्जाले मुदत काय? नऊ दहाच का?